ॲस्बेस्टॉसची भरपाई: पुरावा आजारी माणसानेच का द्यायचा?

ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यात घालतात त्या तंतुमय खनिजाचा, विषय निघाला की आपल्याकडे दहा मिनिटांत एकच भांडण सुरू होतं, बंदी घाला की घालू नका. एक बाजू म्हणते पन्नासच्या वर देशांनी हे बंद केलंय, कॅनडाने खाणी बंद करून 2018 मध्ये बंदी घातली, अमेरिकेनेसुद्धा 2024 मध्ये क्रिसोटाइलवर, म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, बंदीचा नियम काढला, आणि आपण अजून जहाजं भरभरून आयात करतोय. दुसरी बाजू म्हणते गरिबाच्या डोक्यावर सिमेंटचा पत्रा आहे, तो काढलात तर त्या भावात दुसरं काय देणार. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण या सगळ्या आरडाओरड्यात जो माणूस वीस-तीस वर्षं ती धूळ फुप्फुसात भरून आज घरी खोकत बसलाय त्याचा विषयच निघत नाही. उद्या सकाळी बंदी आली तरी त्याला एक पैसा मिळणार नाहीये, आणि बंदी कधीच आली नाही तरी त्याचा हक्क तसूभर कमी होत नाही. बंदी हा पुढच्या पिढीचा प्रश्न आहे, भरपाई हा आजच्या माणसाचा, आणि पहिल्याच्या नावाखाली दुसरा आपण चाळीस वर्षं टांगून ठेवलाय. माझं म्हणणं सरळ आहे: आजार का झाला हे सिद्ध करायचं ओझं कामगारावरून काढून कंपनीवर टाका, दाव्याची मुदत निदानाच्या दिवसापासून मोजा, आणि पैसा उद्योगाने आणि आयातदारांनी भरलेल्या निधीतून द्या.

हा आजार बाकीच्या अपघातांसारखा नाही हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा कायदेशीर घोळ तिथून सुरू होतो. प्रेसमध्ये हात सापडला तर तारीख असते, वेळ असते, चार साक्षीदार असतात. ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्याला दिसत नाही, श्वासातून आत जातो आणि तिथेच राहतो. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुस हळूहळू कडक होत जाणं, त्याला साधारण दहा-वीस वर्षं लागतात. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर, वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा उगवतो, आणि निदान झाल्यावर बहुतेकांच्या हातात वर्षभराच्या आसपासच वेळ असतो. तोपर्यंत कारखाना बंद झालेला असतो, जागेवर टॉवर उभा असतो, ठेकेदार कोण होता ते कुणाला आठवत नाही. आणि आपल्याकडे छातीच्या फोटोत सावली दिसली, खोकला आहे, वजन उतरलंय, की पहिला टीबीचा कोर्स सुरू होतो. तो संपला तरी धाप जात नाही म्हणून दुसरा कोर्स. "काम काय करत होतात?" हा प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटायला नशीब लागतं. कारखाने कायद्याच्या (नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय) 89 व्या कलमात डॉक्टरांवर असे व्यवसायजन्य आजार मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायची जबाबदारी होती, आणि त्या यादीत ॲस्बेस्टॉसिस होता. किती डॉक्टरांना हे माहीत होतं?

"त्या काळी कुणाला माहीत होतं हो" हे वाक्य या वादात फार ऐकू येतं, म्हणून थोडा इतिहास सांगतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलला टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम केलेली नेली कर्शॉ ही बाई 1924 मध्ये वारली, वय फक्त 33. डॉक्टर कुक यांनी तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण सापडल्याचं त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापलं. कंपनीने जबाबदारी झटकली, एकीला दिलं तर पायंडा पडेल अशी धास्ती होती, अंत्यसंस्काराच्या खर्चालासुद्धा हात लावला नाही. 1930 मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, 1931 मध्ये ब्रिटनने धुळीचे नियम केले. आता हीच टर्नर कंपनी टर्नर अँड न्यूअल समूहाचा भाग होती आणि त्या समूहाची इथली उपकंपनी हिंदुस्थान फेरोडो, घाटकोपरला ब्रेक लायनिंग वगैरे बनवणारी. म्हणजे घाटकोपरच्या कामगाराच्या नाकात धूळ गेली तेव्हा इंग्लंडमधल्या मालकाला धुळीने काय होतं हे माहीत असून कित्येक वर्षं लोटली होती. या कारखान्याच्या कामगारांची नंतर मुंबईतल्या डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी तपासणी केली, तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, तपासलेल्यांपैकी पाचात एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. हे काही कुठल्या दूरच्या खाणीतलं नाही, लोकलने जाता-येता दिसणाऱ्या मुंबईतलं आहे.

आता कायदा. आपल्याकडे कायदाच नाही असं म्हणणारे चुकतात, कायदा आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसिस होता, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमासुद्धा होता, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हाच साचा सामावून घेतलाय. ईएसआयमध्येही, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेतही, हे आजार यादीत आहेत. नोकरीत असताना आजार झाला तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, इथपर्यंत छान. पण नोकरी सुटल्यावर झाला तर "तो त्या कामामुळेच झाला" हे सिद्ध करायचं कामगाराने. त्यातही 1923 च्या कायद्याची मुदत दोन वर्षांची, आणि नोकरी सोडलेल्यासाठी जी सवलत त्यात लिहिली होती ती नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर! वीस-चाळीस वर्षांनी दिसणाऱ्या आजाराला दोन वर्षांची मुदत. आयुक्त योग्य कारण पाहून उशीर माफ करू शकतात हे खरंय, पण हक्क कुणाच्या मर्जीवर अवलंबून असला तर त्याला हक्क कशाला म्हणायचं? आणि ईएसआयच्या जुन्या कायद्याच्या 53 व्या कलमाने विमा असलेल्या कामगाराला मालकाविरुद्ध वेगळी भरपाई मागायची वाटच बंद केली होती. ठेकेदाराकडे रोजंदारीवर ज्याने धूळ झाडली, पोती फोडली, त्याचं तर ईएसआय कार्डच निघालेलं नसतं.

1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राच्या याचिकेवर जो निकाल दिला तो मी आजही या विषयातला सगळ्यात चांगला कागद मानतो. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे त्यात स्पष्ट म्हटलं, प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा असा आदेश दिला, सगळ्या कारखान्यांना विम्याची सक्ती केली, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने ज्यांचा आजार प्रमाणित केला त्यांना तीन महिन्यांत प्रत्येकी 1 लाख रुपये द्यायला सांगितलं. चांगलंच होतं, पण अडलं कुठे बघा. नोंद ठेवायची कंपनीने, आणि नोंद नाही ठेवली तर? नुकसान कामगाराचं. कागद नाही म्हणून त्याचाच दावा पडतो. ज्याने कागद ठेवायचा होता त्याने तो ठेवला नाही म्हणून त्यालाच फायदा, हा कुठला न्याय? नोंद सापडत नसेल तर कामगार म्हणतो तेवढी धूळ त्याच्या छातीत गेली असं कोर्टाने धरून चालावं, खोटं असेल तर कंपनीने दाखवावं, एवढा एक नियम केला तरी सगळ्या कंपन्या एका महिन्यात जुनी कपाटं उघडतील.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते बोलू. सगळ्यात मोठा मुद्दा अमेरिकेचा. तिथे 2002 पर्यंत साधारण 7 लाख 30 हजार लोकांनी दावे केले, सुमारे 70 अब्ज डॉलर खर्च झाले, आणि तिथल्या रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार त्यातले डॉलरमागे फक्त 42 सेंट दावेदारांपर्यंत पोचले, बाकी वकील आणि खटल्याचा खर्च. शंभराहून जास्त कंपन्यांनी दिवाळखोरी पत्करली. 2005 मध्ये टेक्सासमध्ये न्यायाधीश जॅनिस जॅक यांच्यापुढे सिलिकोसिसचे (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे) हजारो दावे आले तेव्हा बाहेर आलं की त्यातल्या बहुतेकांनी आधी ॲस्बेस्टॉसिसचाही दावा केला होता, आणि मोजके डॉक्टर व्हॅनमध्ये एक्स-रे काढून घाऊक सर्टिफिकेटं वाटत होते. हे मी नाकारत नाही, नाकारता येणारही नाही. आपल्याकडे मोटार अपघात दाव्यांत काही ठिकाणी बोगसगिरी होते ते आपण जाणतोच, तेव्हा इथे होणार नाही अशी हमी कोण देणार?

पण यातून निष्कर्ष काय काढायचा हे महत्त्वाचं. अमेरिकेत गाडी घसरली ती आजारी माणसाला सहज पैसे मिळाले म्हणून नव्हे, जो आजारी नाही त्याचाही दावा त्याच रांगेत घेतला म्हणून, आणि सगळं काही खटल्यातूनच करायचं ठरवलं म्हणून. ब्रिटनमध्ये 2007 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ठरवलं की फुप्फुसाच्या आवरणावर नुसते डाग दिसतात पण त्रास नाही, तर भरपाई नाही. कठोर वाटेल, स्कॉटलंडने 2009 मध्ये वेगळा कायदा करून ते उलटवलंही, पण रेघ कुठे मारायची यावर वाद झाला, रेघच मारायची नाही असं कुणी म्हणालं नाही. आपणही वैद्यकीय निकष घट्ट ठेवू, दोन स्वतंत्र डॉक्टरांचं मंडळ, श्वासाची चाचणी, सीटी स्कॅन, सगळं असू दे. बोगस दावा अडवायचा मार्ग चांगली तपासणी आहे, खऱ्या दाव्याची दारं बंद करणं नाही. आणि 42 सेंटची गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे. फ्रान्सने 2000 च्या अखेरीस कायदा करून ॲस्बेस्टॉसग्रस्तांसाठी स्वतंत्र निधी काढला, माणूस आधी निधीकडे जातो, कंपनीमागे मग निधी लागतो. ब्रिटनने 2014 मध्ये मेसोथेलिओमासाठी योजना आणली, मालक किंवा त्याचा विमा सापडत नसेल तर पैसे मिळतात आणि ते विमा कंपन्यांवरच्या आकारणीतून येतात. लंडनच्या कोर्टात तर मेसोथेलिओमाचे खटले वेगळ्या यादीत घेतात, आणि सुरुवातीलाच प्रतिवादीने दाखवायचं असतं की त्याच्यावर जबाबदारी का येत नाही. कामगार जिवंत असताना निकाल लागावा म्हणून.

दुसरा मुद्दा, आणि हा बोलणारे सगळेच काही कंपनीचे लोक नसतात, की कारण कसं ठरवणार? विडी ओढत होता, टीबी होऊन गेला होता, चार कारखान्यांत काम केलं. बरोबर आहे, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये विडी-सिगारेट आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की धोका कित्येक पटींनी चढतो, कुठलं किती हे कुणी काट्यावर तोलून देऊ शकत नाही. पण मेसोथेलिओमाचा विडीशी संबंध नाही, तिथे तरी हा आक्षेप बंद व्हायला हवा. आणि चार मालकांपैकी कुणाच्या धुळीने झालं ते सांगता येत नाही म्हणून चौघेही सुटले, असं होऊ द्यायचं? ब्रिटनमध्ये 2002 च्या फेअरचाइल्ड खटल्यात खालच्या कोर्टांनी नेमकं तेच केलं होतं, मग लॉर्ड्सनी सांगितलं की धोका वाढवला एवढं पुरे, आणि 2006 च्या कायद्याने मेसोथेलिओमात कुठल्याही एका मालकाकडून पूर्ण भरपाई घेता येते, आपापसातली वाटणी त्यांनी करावी. मला हे अगदी साधं शहाणपण वाटतं. विज्ञानाला जी अचूकता देता येत नाही ती दिली नाही म्हणून मरणाऱ्याला शिक्षा का?

तिसरा आक्षेप क्रिसोटाइलवाल्यांचा. आपण वापरतो तो पांढरा ॲस्बेस्टॉस, निळ्या-तपकिरीपेक्षा कमी घातक, शिवाय पत्र्यात सिमेंटने बांधलेला, आणि भारतात मेसोथेलिओमाचे आकडे तर किरकोळ. पहिला भाग मान्य, मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा आणि तपकिरी जास्त वाईट आहे. पण जागतिक आरोग्य संघटना सगळेच प्रकार कॅन्सरकारक मानते, आणि जगभर कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसने वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं मरतात असा तिचा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये आजही वर्षाला दोन हजारांवर लोक मेसोथेलिओमाने जातात आणि तिथला वापर थांबून पाव शतक उलटून गेलं. आपल्याकडे जो आजार टीबी म्हणून फाइलला लागतो तो आकड्यात येणार कसा? आणि एक गोष्ट मला कधीच कळलेली नाही, पांढरा ॲस्बेस्टॉस खरंच एवढा निरुपद्रवी असेल तर दावे थोडेच येतील, मग पुराव्याचं ओझं स्वतःवर घ्यायला उद्योगाला भीती कसली वाटते?

मुदतीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला कारण माझ्या मते खरी कत्तल तिथे होते. ब्रिटनमध्ये 1963 साली कार्टलेज खटल्यात धुळीने आजारी पडलेल्या कामगारांचे दावे लॉर्ड्सनी फेटाळले, का, तर आजार त्यांना कळायच्या आधीच मुदत संपली होती. न्यायाधीशांना स्वतःलाच हे अन्यायाचं वाटत होतं, आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा बदलला. 1963! इटलीत कासाले मोन्फेरातो गावात एटर्निट कंपनीच्या धुळीने कामगार आणि गावकरी मिळून प्रचंड संख्येने मेले, मालक श्मिडहायनी यांना 2012 मध्ये 16 वर्षांची शिक्षा झाली, 2013 मध्ये अपिलात ती 18 वर्षं झाली, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये वरच्या कोर्टाने सगळं रद्द केलं, कारण मुदत संपली होती. फौजदारीत आरोपीला मुदतीचं संरक्षण असावं यावर मी वाद घालणार नाही. पण भरपाई ही शिक्षा नव्हे, आणि कामगार झोपून राहिला म्हणून उशीर झालेला नाही, आजारच उशिरा येतो. मग निदान ज्या दिवशी लेखी झालं त्या दिवसापासून मुदत मोजण्यात अडचण काय?

आणखी एक, कायद्याच्या नजरेत फक्त कामगार येतो. त्याचे कपडे रोज संध्याकाळी झटकून धुणारी बायको येत नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीतली पोरं येत नाहीत. इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या आर्मली भागात टर्नर अँड न्यूअलच्याच उपकंपनीच्या कारखान्याबाहेर धुळीत खेळलेली मुलं मोठेपणी मेसोथेलिओमाने आजारी पडली आणि 1996 मध्ये अपील कोर्टाने कंपनीला जबाबदार धरलं. जपानमध्ये आमागासाकीत कुबोटा कारखान्याभोवतालच्या रहिवाशांचा आजार 2005 मध्ये उघड झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे कामगार नसलेल्यांसाठीही मदतीचा कायदा आला. आपल्याकडे दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने धोकादायक उद्योगाची संपूर्ण जबाबदारी मांडली, जगाने नावाजावं असं तत्त्व, पण ते एका झटक्यात फुटलेल्या टाकीला लागू करायचं आणि वीस वर्षं रोज थोडी थोडी सुटलेल्या धुळीला नाही, असं का?

पैसे कुठून आणायचे? समजा वर्षाला 3 लाख टन आयात धरली, किलोमागे फक्त 1 रुपया आकारला तरी 30 कोटी रुपये जमतात, दरवर्षी. पत्र्याच्या किमतीवर याचा परिणाम नगण्य, कारण पत्र्यात ॲस्बेस्टॉसचं वजन दहा टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे गरिबाचं छप्पर महागलं ही ओरडही टिकत नाही. बंद पडलेल्या, विकल्या गेलेल्या, नाव बदललेल्या कंपन्यांच्या कामगारांसाठी हाच एक मार्ग आहे. ऑस्ट्रेलियात जेम्स हार्डी कंपनीने 2001 मध्ये मुख्यालय नेदरलँड्सला हलवलं आणि मागे आजाऱ्यांसाठी अपुऱ्या पैशांची एक संस्था सोडली, कामगार संघटना आणि सरकारी चौकशीच्या रेट्याने पुढे नवा निधी करावा लागला. टर्नर अँड न्यूअलला विकत घेणारी अमेरिकन कंपनी फेडरल मोगल 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. कंपनी मरते, आजार मरत नाही, म्हणून पैसा आधीच बाजूला काढावा लागतो. आणि आपल्याला हे अजिबात जमणार नाही असं नाही, राजस्थानने 2019 मध्ये न्युमोकोनिओसिसचं, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांचं, धोरण केलं, सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालं की 3 लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख, शिवाय पेन्शन. त्यातही अडचणी आहेत पण खाण कामगाराला मालकाचं नाव सिद्ध करत बसावं लागत नाही.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या कारखान्यांची यादी असायलाच हवी, चालू आणि बंद दोन्ही, ती जाहीर करा. त्या कारखान्यांच्या पीएफ आणि ईएसआय नोंदींवरून जुन्या कामगारांना पत्रं पाठवून तपासणीला बोलवा, बायकांनाही. केईएम, जेजे, नागपूर, पुणे इथे महिन्यातून एक दिवस व्यवसायजन्य छातीच्या आजारांची ओपीडी चालवा, आणि तिथल्या केसपेपरवर नोकरीचा सगळा इतिहास लिहिणं सक्तीचं करा. युनियनच्या जुन्या लोकांनी तोवर थांबू नये: जे जिवंत आहेत त्यांचे जबाब आत्ता लिहून घ्या, कुठल्या खात्यात, कुठल्या मशीनवर, कुठल्या साली, शेजारी कोण होतं, पोती कोण फोडायचं, मास्क दिला होता का, आणि हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, जे असेल त्याची झेरॉक्स जोडून नोटरीकडून सही घ्या. दावा दहा वर्षांनी उभा राहिला तर तोच कागद पुढे येणार आहे.